मॉरिशसचं साठ-शून्य : कारखान्याच्या पॅनेलवरून समजून घेतलेली एक लाट

विचारणा अशी आहे : "नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉरिशसच्या संसदेच्या निवडणुकीत एका आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. हरलेल्या सत्ताधाऱ्यांना २७ टक्के मतं पडूनही थेट निवडून आलेला एकही माणूस नाही. हे गणित कसं जमतं? काही गडबड तर नव्हती ना? आणि तिथली आपली मराठी माणसं कुणाच्या बाजूने होती?"

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. सहकार खात्यात नोकरी झाली आणि त्यातली बरीच वर्षं साखर कारखाने, नागरी बँका, सूतगिरण्या यांच्या संचालक मंडळाच्या निवडणुका घेण्यात गेली. निवृत्तीनंतर वेगवेगळ्या देशांतल्या मतदान पद्धती वाचायचा नाद लागला. मॉरिशसला दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा तर ऐन प्रचारात. तिथली निवडणूक समजून घेताना मला आपल्या लोकसभेचा अनुभव फारसा कामाला आला नाही. कारखान्याचा आला.

गडबडीचं पहिल्यांदा निकालात काढतो. मतदान १० नोव्हेंबरला, रविवारी झालं. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका, हाताने फुली. मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा-कॉलेजांच्या इमारतींत, सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. त्याच दिवशी, अधिकृत आकडे पूर्ण यायच्या आधीच, पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी मोठा पराभव होत असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. ते स्वतःही मोका-कार्तिए मिलितेर या आपल्या मतदारसंघात पडले. सरकार त्यांचं, पोलीस त्यांचे, सरकारी टीव्ही त्यांच्या बाजूने झुकलेला. गडबड करायची सोय असलीच तर त्यांच्याकडे होती. हा पराभव कुणी घडवून आणला असेल तर तो मतदारांनी आणि त्यांच्या मतदान पद्धतीने.

आता ती पद्धत.

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार निवडायचे. शिवाय पूर्वेला साडेपाचशेच्या वर किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाचे दोन. म्हणजे थेट निवडून येणारे ६२. मतदाराला तीन मतं असतात आणि ती तीन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. सगळे उमेदवार एकाच यादीत, नावांच्या वर्णानुक्रमाने, शेजारी पक्षाचं चिन्ह. सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून आले, की खेळ खलास.

आपल्याकडे महापालिकेला चार सदस्यांचा प्रभाग असतो, तसंच का, असं तुम्ही विचाराल. तसं नाही. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी. मॉरिशसची पद्धत म्हणजे थेट आपल्या कारखान्याचा ऊस उत्पादक गट. एका गटातून तीन संचालक घ्यायचेत, मैदानात पंधरा जण आहेत, दोन पॅनेल आहेत आणि थोडे हौशी अपक्ष. सभासद आत जातो, कपबशी दिसेल तिथे शिक्का मारतो, तिन्ही कपबशीला, आणि बाहेर येतो. याला आपण 'पॅनेल टू पॅनेल' म्हणतो; तिकडे 'व्होत ब्लॉक' म्हणतात. कुणी दोन कपबशी आणि एक विमान असं केलं तर आपण म्हणतो पॅनेल फोडलं. त्यांच्याकडे त्याला 'पानाशाज' असा फ्रेंच शब्द आहे. शब्द वेगळे, पण मोजणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाचं टेन्शन तेच.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे आणि तो बऱ्याच लेखांत सुटतो. आपल्याकडे सभासदाने तीनऐवजी एकच शिक्का मारला तरी मत वैध धरलं जातं. त्यामुळे एखादा तालेवार अपक्ष गावागावांत जाऊन सांगतो, "फक्त मला द्या, बाकी रकाने कोरे सोडा." कित्येकदा असा एकटा माणूस दोन्ही पॅनेलांच्या मधून वर निघतो. मॉरिशसमध्ये तीन फुल्या नसतील तर मतपत्रिकाच बाद. आवडीचा माणूस एकच असला, तरी उरलेल्या दोन फुल्या कुठेतरी माराव्याच लागतात, आणि मग त्या बहुधा त्याच्याच पॅनेलला जातात.

आता कागद-पेन घ्या. समजा एका मतदारसंघात ४० हजार लोकांनी मतदान केलं. त्यातले २४ हजार लाल पॅनेलचे, ११ हजार नारिंगीचे, ५ हजार इकडचे तिकडचे. लालच्या तिघांनाही २४ हजारांच्या आसपास मतं पडतील आणि नारिंगीच्या तिघांनाही ११ हजारांच्या आसपास. नारिंगीचा सगळ्यांत लोकप्रिय माणूस लालच्या सगळ्यांत नावडत्या माणसाच्या पुढे जायचा असेल तर तेरा हजारांची दरी बुजायला हवी. लालचा एक मतदार आपल्या नावडत्याला वगळून नारिंगीच्या माणसाला मत देतो, तेव्हा ही दरी दोनने कमी होते. म्हणजे साडेसहा हजारांवर लोकांनी, लालच्या चारातल्या एकाहून अधिक मतदारांनी, अगदी एकाच पद्धतीने पॅनेल फोडायला हवं. लाट असताना असं होत नाही. मग तिन्ही जागा लालच्या, आणि ११ हजार लोकांच्या पदरी भोपळा.

हे एका मतदारसंघाचं झालं. वीसच्या वीस ठिकाणी तेच कसं होतं? इथे बेटाचं आकारमान कामाला येतं. मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात सकाळी निघालेला विषय दुपारी माहेबुर्गच्या बसस्टॉपवर पोहोचतो. खासगी रेडिओ तेच, फेसबुकवरच्या क्लिपा त्याच. आपल्याकडे उत्तरेत वारं एकीकडे असेल तर दक्षिणेत दुसरीकडे असतं, त्यामुळे हरणाराही कुठेतरी तग धरतो. मॉरिशसमध्ये हरणाऱ्याला लपायला दरी-डोंगर नाहीत. वस्त्यांमध्ये फरक आहे, राजधानीचे काही भाग मुस्लिमबहुल, उत्तर आणि पूर्वेचा ग्रामीण पट्टा हिंदूबहुल, पठारावरच्या शहरांत क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे) आणि मिश्र वस्ती. आणि एरवीच्या निवडणुकीत हा फरक निकालात दिसतोही. पण एका बाजूला साठ टक्क्यांच्या पुढे मतं गेली, की तो फरक फक्त मताधिक्यात उरतो, जागांत नाही.

म्हणून हे साठ-शून्य तिथे पहिल्यांदा झालेलं नाही. जून १९८२ मध्ये झालं, डिसेंबर १९९५ मध्ये झालं, आणि २०२४ हे तिसरं. साठ-शून्य हा तिथल्या बोलण्यातला नेहमीचा शब्द आहे, आपल्याकडे 'सुपडा साफ' म्हणतात तसा. बासष्ट-शून्य कधीच म्हणत नाहीत, कारण रॉड्रिग्जचे स्वतःचे पक्ष आहेत आणि मुख्य बेटावरची लाट समुद्र ओलांडून तिथे पोहोचत नाही.

आता २०२४ चे आकडे. नवीन रामगुलाम यांचा मजूर पक्ष, पॉल बेरांजे यांचा एमएमएम आणि दोन लहान पक्ष यांची 'आलियांस द्यु शांजमां', म्हणजे परिवर्तन आघाडी : ६२.६ टक्के मतं. जगन्नाथांच्या एमएसएमची 'आलियांस लेपेप' (तिथल्या क्रिओल बोलीत लेपेप म्हणजे जनता) : सुमारे २७.३ टक्के. हे टक्के मतांचे आहेत, माणसांचे नाहीत, कारण प्रत्येकाची तीन मतं मोजली जातात. पण पॅनेलने मतदान झालं की दोन्हीत फार अंतर राहत नाही.

हेच आकडे २०१९ च्या शेजारी ठेवा. तेव्हा जगन्नाथांच्या आघाडीला ३७.७ टक्के मतं होती, आणि तेवढ्यावर त्यांना ६२ पैकी ३८ थेट जागा मिळाल्या होत्या. का? तर विरोधक फुटलेले होते. मजूर पक्षाची आघाडी ३२.८ टक्के, एमएमएम २०.६ टक्के. दोघांची बेरीज त्रेपन्नच्या पुढे, पण मैदानात पॅनेलं तीन. म्हणजे २०१९ मध्ये ज्या पद्धतीने जगन्नाथांना सदतीस टक्क्यांवर बहुमत दिलं, त्याच पद्धतीने २०२४ मध्ये सत्तावीस टक्क्यांवर शून्य दिलं. मतं दहा टक्क्यांनी घटली, जागा ३८ वरून शून्यावर. (खरी घट दहाहून मोठी धरायला हवी, कारण २०१९ मध्ये मजूर पक्षाबरोबर असलेला पीएमएसडी हा पक्ष यावेळी जगन्नाथांकडे होता. तो आपली मतं घेऊन आला असेल असं धरलं, तर मूळ घर आणखीच रिकामं झालेलं दिसतं.) २०१९ ला ज्यांना ही पद्धत गोड लागली, त्यांनी २०२४ ला तिच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. आमच्याकडेही प्रत्येक निवडणुकीनंतर हरलेलं पॅनेल येऊन म्हणायचं, "साहेब, ही पद्धतच चुकीची आहे." पाच वर्षांपूर्वी याच पद्धतीने निवडून आलेलो असतो, हे तोपर्यंत विसरलेलं असायचं.

मग विरोधक एकत्र आले आणि जिंकले, एवढंच का? इथेच जपून. कारण हेच रामगुलाम आणि हेच बेरांजे २०१४ मध्येही एकत्र आले होते. कागदावर ती आघाडी अजिंक्य होती. पण दोघांनी मिळून राज्यघटना बदलायचा बेत आखला : अधिकार असलेलं राष्ट्राध्यक्षपद रामगुलाम यांना, पंतप्रधानपद बेरांजे यांना. लोकांना वाटलं, हे देशाचं नाही, यांच्या दोन खुर्च्यांचं चाललंय. निकाल : त्या आघाडीला साडेअडतीस टक्के मतं आणि १३ जागा, समोरच्या आघाडीला ४७. रामगुलाम स्वतः पडले, आणि २०१९ लाही पुन्हा पडले. कारखान्यात दोन कट्टर गट एकत्र आले की सभासद आधी विचारतो, "यांचं ठरलंय काय?" तिकडे पडद्याआडच्या या बोलण्यांना 'कोझ-कोझे' असा झकास शब्द आहे. कोझ-कोझे फार चालली की मतदार सावध होतो.

तेव्हा २०१४ आणि २०२४ मधला फरक बेरजेत नाही, तो रागात आहे. आणि तो राग पाच वर्षं साठत आलेला होता. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं, बारा दिवसांनी तेल समुद्रात सांडायला लागलं. लोकांनी उसाचं पाचट आणि जुने कपडे भरून तेल अडवायच्या लांबच लांब तरंगत्या पिशव्या हाताने शिवल्या. सरकार कुठे होतं, हा प्रश्न तेव्हापासून चिकटला. ऑगस्टच्या शेवटी पोर्ट लुईत प्रचंड मोर्चा निघाला. त्याच वर्षी सत्ताधारी पक्षाच्या एका कार्यकर्त्याचा जळालेला मृतदेह उसाच्या शेतात सापडला आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं धुमसत राहिलं. नगरपालिकांच्या निवडणुका २०१५ नंतर घेतल्याच नाहीत, पुढे ढकलत राहिले. त्यात महागाई आणि रुपयाची घसरण.

याउलट जगन्नाथांकडे दाखवायला बरंच होतं. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो, वाढलेलं पेन्शन, वाढवलेलं किमान वेतन. ३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रिटनने चागोस बेटांवरचं सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायचं जाहीर केलं. पन्नासहून अधिक वर्षांचा राष्ट्रीय प्रश्न. दुसऱ्याच दिवशी संसद विसर्जित झाली. यावर निवडणूक निघेल, असा हिशेब असणार. लोहा गरम आहे, हातोडा मारा.

आणि मग ऑक्टोबरच्या मध्यापासून 'मिस्ये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, या टोपणनावाने समाजमाध्यमांवर फोन संभाषणांच्या ध्वनिफिती यायला लागल्या. राजकारणी, पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार, सगळ्यांचे फोन चोरून ऐकलेले. मी तेव्हा वाकोआला एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. संध्याकाळी चहा झाला की घरातला नातू मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि सगळे गोल बसून नवी फीत ऐकायचे. क्रिओलमधल्या संभाषणातलं मला अर्धंमुर्धं कळायचं, पण चेहरे कळायचे. आजी, ज्या आयुष्यभर 'लाक्ले'ला, म्हणजे मजूर पक्षाच्या किल्लीला मत देत आल्या, त्यांना यात नवल काही वाटत नव्हतं. नातू मात्र एबेनच्या आयटी कंपनीत कामाला, गेल्या वेळी त्याने सूर्याला, म्हणजे एमएसएमला मत दिलं होतं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा, "म्हणजे माझाही फोन ऐकत असतील." हा प्रश्न पेन्शनच्या आकड्यापेक्षा जड होता, कारण तो ज्याच्या त्याच्या खिशातल्या वस्तूबद्दल होता.

त्यावर सरकारने जे केलं ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. १ नोव्हेंबरला दूरसंचार नियामकाकडून आदेश निघाला की ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमं बंद करा. मतदानाला नऊ दिवस असताना! एका दिवसात बोंब झाली आणि आदेश मागे घेतला. पण ज्या तरुणाने त्या फिती ऐकल्या नव्हत्या, त्यानेही त्या दिवशी शोधून ऐकल्या असतील. निवडणूक घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळते : शेवटच्या आठवड्यात केलेली दांडगाई कधी एका वस्तीपुरती राहत नाही.

खिरापतीबद्दलही दोन शब्द, कारण आपल्याकडे हा विषय गरम असतो. पेन्शन हा मॉरिशसच्या प्रचाराचा जुना आणि हमखास मुद्दा. २०१४ मध्ये दरमहा ५,००० रुपये, २०१९ मध्ये १३,५०० पर्यंत नेण्याचं वचन. २०१९ चा जगन्नाथांचा विजय याच मुद्द्यावर न्यायालयात गेला. मॉरिशसचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, आणि तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते फेटाळलं. सरकारने निवडणुकीच्या तोंडावर दिलेलं पेन्शनवाढीचं आश्वासन म्हणजे मतदाराला दिलेली लाच नव्हे, असा त्याचा मथितार्थ. २०२४ ला दोन्ही बाजूंनी आश्वासनांची खैरात होती, चौदाव्या महिन्याच्या पगारापर्यंत मजल गेली. दोघेही देतायत म्हटल्यावर लोकांनी निवड दुसऱ्याच कारणावरून केली.

आता मराठी माणसांचा प्रश्न. उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही : ते सांगता येत नाही, आणि ते सांगता येऊ नये अशीच व्यवस्था आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी जे करारबद्ध मजूर नेले, त्यांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले आपले लोक होते. आज त्यांचे वंशज वाकोआ, क्वात्र बोर्न, ब्लॅक रिव्हरच्या बाजूला आहेत. घरात क्रिओल बोलतात, मराठी देवळात, शाळेच्या तासाला आणि रेडिओवर. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण असा एकही मतदारसंघ नाही जो केवळ मराठी मतांवर फिरेल.

राज्यघटनेत चार समाज मानलेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि बाकी सगळे, ज्यांना 'सर्वसाधारण लोकसंख्या' म्हणतात. मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे या मोजणीत हिंदूच. आता हे चार रकाने कशाला? तर थेट निवडणुकीत एखाद्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं, तर हरलेल्यांपैकी चांगली मतं घेतलेल्यांना उचलून जास्तीत जास्त आठ जागा भरायच्या. याला 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतात. आपल्या भाषेत पडलेल्यांतला पहिला नंबर. गंमत अशी की समाजवार लोकसंख्या १९७२ च्या जनगणनेनंतर मोजलेलीच नाही. त्यामुळे २०२४ च्या जागाही १९७२ च्या आकड्यांवर वाटल्या गेल्या. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही यावर बोट ठेवलं होतं.

एक मात्र आहे. कागदावर मराठी हा वेगळा रकाना नसला, तरी तिकीट वाटताना असतो. वीस मतदारसंघांत साठ नावं बसवताना प्रत्येक पक्ष तमिळ किती, तेलुगू किती, मराठी किती, मुस्लिम किती, क्रिओल किती, शिवाय हिंदूंमध्ये कुठल्या जातीचे किती, हे बघतो. उघडपणे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. तीन जणांचं पॅनेल असल्यामुळे ते सोयीचंही पडतं : एका मतदारसंघात तीन रंगांची माणसं देता येतात. मी आजींना विचारलं, तुमच्या भागात मराठी उमेदवार असेल तर त्याला देणार का? त्या म्हणाल्या, "किल्लीवर असेल तर."

या बेस्ट लूझरच्या दारातूनच २०२४ ला लेपेप आघाडीचे दोघे संसदेत आले, आणि त्यांच्यापैकी एक, जो लेजोंगार, विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे ज्या पद्धतीला जातीय म्हणून नावं ठेवतात, तिनेच विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहू दिली नाही. आणि ज्या 'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह' या छोट्या पक्षाने ही पद्धत रद्द व्हावी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले (नावातला 'एक' म्हणजे क्रिओलमध्ये 'आणि'), तो यावेळी जिंकलेल्या आघाडीत बसलेला. सुधारणेच्या सूचना जुन्या आहेत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्येच सुचवलं होतं की मतांच्या प्रमाणात आणखी ३० जागा द्या. दर वेळी अडचण एकच : घटनेत असा बदल करायला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. तेवढं बहुमत मोठ्या लाटेवर आलेल्याच्याच हाती येतं, आणि या पद्धतीवर स्वार होऊन आलेल्याला ती बदलायची घाई नसते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात रस वाटतो तो यानंतरच्या भागात. १९८२ चं साठ-शून्य एमएमएम आणि त्यांच्या साथीदारांचं. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान, तरुण बेरांजे अर्थमंत्री, आणि स्वातंत्र्याचे शिल्पकार सर शिवसागर रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पराभूत. नऊ महिन्यांत ते सरकार आतून फुटलं. मार्च १९८३ मध्ये बेरांजे आणि त्यांचे सहकारी बाहेर, जगन्नाथांचा नवा पक्ष, ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक. त्या निवडणुकीत एमएमएमला सुमारे ४६ टक्के मतं असून मिळाल्या फक्त १९ जागा. १९९५ चं साठ-शून्य उलट्या बाजूने : शिवसागर यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पंतप्रधान, बेरांजे उपपंतप्रधान, आणि अनिरुद्ध जगन्नाथ शून्यावर. दीड वर्षात, जून १९९७ मध्ये, बेरांजे मंत्रिमंडळातून बाहेर. २०२४ मध्ये पुन्हा रामगुलाम पंतप्रधान आणि बेरांजे उपपंतप्रधान, एक ७७ वर्षांचे, दुसरे ७९ चे. आणि शून्यावर अनिरुद्ध यांचे पुत्र प्रविंद. १९६८ पासून या देशाला पाचच पंतप्रधान लाभले आणि त्यांची आडनावं तीन.

असं का होतं, याचं उत्तर मला कारखान्यांनी दिलं आहे. एकवीसच्या एकवीस जागा एका पॅनेलच्या आल्या की पहिली मिरवणूक संपायच्या आत चेअरमन कोण, यावर दोन गट पडतात. समोर कुणी नसलं की एकत्र राहायचं कारण संपतं. काठावरचं बहुमत असतं तेव्हा प्रत्येक संचालकाला जपावं लागतं आणि तोही शिस्तीत राहतो. साठात दहा जण रुसले तरी सरकार पडत नाही, म्हणून त्या दहांची समजूत काढायला कुणी जात नाही. आणि समोरचे बाक मोकळे असले की नाराजी सभागृहात न येता रस्त्यावर येते. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ वर न्यायचं ठरवलं, तेव्हा सभागृहात मोजायला विरोधी मतं जेमतेम होती. विरोध झाला तो कामगार संघटनांच्या मोर्च्यांतून. वाकोआच्या आजींना पेन्शन आधीच सुरू आहे. नातवाचे वडील सत्तावन्न वर्षांचे आहेत. त्या घरातल्या किल्लीच्या मतांबद्दल त्यांनी फोनवर मला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुम्हाला स्वतः खोलात जायचं असेल तर एक युक्ती सांगतो. पक्षनिहाय टक्केवारीवर थांबू नका. मतदारसंघनिहाय निकाल मिळवा आणि प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या उमेदवारांतलं अंतर लिहून काढा. पहिल्या क्रमांकाकडे बघूच नका. तिसरा शेवटचा विजेता, चौथा पहिला पराभूत. २०१९ च्या तक्त्यात हे अंतर बऱ्याच ठिकाणी किरकोळ सापडेल आणि चौथा माणूस दुसऱ्या पॅनेलचा असेल. मग तेच २०२४ चं काढा. वीस आकड्यांचे दोन रकाने शेजारी ठेवलेत, की कुठे लोकांनी पॅनेल फोडलं, कुठे डोळे मिटून तिन्ही फुल्या मारल्या, ते आपोआप दिसायला लागेल.